सुरक्षित एकत्र येण्याचे ठिकाण

जगात काहीही निर्माण करायचे म्हटले, की सोबत नको असलेले काहीतरी तयार होतेच आणि ते कुठेतरी ठेवावे लागते. याला व्यवस्थापन म्हणतात. ते आपल्यापासून लांब आणि दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवले, की त्याला सुरक्षित व जबाबदार व्यवस्थापन म्हणतात.

चांदवड तालुक्यातल्या खडकसांगवीच्या डोंगरावर एका कंपनीची दगडखाण आहे. दगड फोडायचा, दळायचा, धुवायचा, की बांधकामाची वाळू तयार. धुण्यातून उरतो तो राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ. तो साठवायला कंपनीने उतारावर मातीचा बांध घालून तळे केले. बांधाच्या थेट खाली गाव होते. (यात कंपनीचा दोष नाही. गाव आधीपासून तिथेच होते.)

या तळ्याच्या सुरक्षेसाठी कंपनीने आल्हाद गायधनी नावाचा तरुण अधिकारी नेमला. आल्हाद मूळचा नाशिकचा, मनाने सरळ आणि डबा खातानाही हेल्मेट न काढणारा. एके दिवशी बांधाखालच्या वस्तीवरची लंकाबाई त्याच्या केबिनमध्ये आली.

"साहेब, माझी म्हस रुतली बांधाखाली. पार पोटापर्यंत. मागल्या म्हयन्यात तिथं खडखडीत कोरडं व्हतं."

"म्हैस ठीक आहे ना, मावशी?"

"म्हस बरी हाय. तुमचा बांध बरा हाय का, ते बघा."

आल्हादने जाऊन पाहिले. बांधाच्या पायथ्यातून गढूळ पाणी झिरपत होते. त्याने लगेच नाशिकच्या मुख्य कार्यालयाला फोन लावला आणि गाळ सोडणे थांबवा म्हणून सांगितले. मुख्य कार्यालयाने विषय अत्यंत गांभीर्याने घेतला. 'पाझर' हा शब्द लोकांत घबराट पसरवणारा असल्याने त्याऐवजी 'नैसर्गिक ओलावा' म्हणावे, असे ठरले. ओलाव्याच्या जागी गवत उगवलेच होते. तिथे 'हरित पट्टा' अशी पाटी लागली. गाळ सोडणे मात्र थांबवता येणार नव्हते, कारण वाळूला मागणी होती. त्याऐवजी ग्रामस्थांना प्रशिक्षण द्यावे, असा मधला मार्ग निघाला. म्हणजे बांध जागचा हलला, तर ग्रामस्थांनी कसे हलावे, हे शिकवायचे.

भोंगा वाजला की सर्वांनी एका मैदानात जमायचे होते. मैदान ओढ्याकाठी होते, म्हणजे गावातली सगळ्यात खोल जागा.

"सर, गाळ तिथेच येणार," आल्हाद फोनवर म्हणाला. "वर देवीच्या टेकडीवर नेऊ या लोकांना."

"टेकडी आपल्या मालकीची आहे का?"

"नाही. देवस्थानची आहे."

"मग परक्याच्या जागेत माणसं कशी उभी करणार? ते बेजबाबदारपणाचं होईल."

मैदानात पाटी लागली: 'येथे आपण सुरक्षित आहात'. पहिल्या सरावाला लंकाबाईची म्हैस तेवढी आली, तीही चरायला. मग आल्हादने सरावानंतर मिसळ ठेवली. दुसऱ्या सरावाला अख्खे गाव लोटले. शेजारच्या गावातूनही लोक सुरक्षित व्हायला आले. सर्वेक्षणात एक्क्याण्णव टक्के ग्रामस्थ सुरक्षा व्यवस्थेवर समाधानी आढळले. (उरलेल्या नऊ टक्क्यांना तर्री कमी पडली होती.)

सप्टेंबरात पावसाची झड लागली. एका दुपारी आल्हाद बांधावर उभा असताना त्याच्या दोन पायांच्या मधून भेग गेली. भोंगा वाजवायला मुख्य कार्यालयाची परवानगी लागत असे आणि मुख्य कार्यालय जेवायला गेले होते. आल्हाद चिखलातून धडपडत खाली आला आणि त्याने परवानगीशिवाय भोंगा दाबला. सेवेतला त्याचा हा पहिलाच नियमभंग.

गाव सवयीने घराबाहेर पडले आणि मैदानाच्या रस्त्याला लागले. सरपंच वाल्मीक आहेर सगळ्यांच्या पुढे होते. कोपऱ्यावर ते एकदम थांबले आणि त्यांनी हवेत नाक वर केले.

"मिसळीचा वास नाय येत."

"मंग?" मागून कुणीतरी विचारले.

"मंग काय? खरं हाय हे! वरती पळा, टेकडीवर!"

गाव उलटे फिरले. लंकाबाई म्हशीचे दावे सोडून तिला ढकलत, शिव्या घालत टेकडी चढली. शेवटचा माणूस देवळाच्या पायरीला लागला आणि बांध फुटला. गाळ फार आवाज न करता आला. त्याने मैदान भरले, विहीर भरली आणि लंकाबाईच्या घरात खिडकीपर्यंत शिरून तो शांत बसला. माणूस एकही दगावला नाही.

पाऊस उघडल्यावर आल्हाद लंकाबाईच्या दारात गेला. ती घमेल्याने चुलीवरचा गाळ उपसत होती. त्याने हेल्मेट काढले आणि दुसरे घमेले उचलले.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," ती म्हणाली. "घर निघंल उपसून. विहिरीचं काय करता, ते सांगा."

आल्हाद खाली वाकून घमेले भरत राहिला.

चौकशी समितीचा अहवाल वेळेत आला. ग्रामस्थांपैकी एकही व्यक्ती नेमून दिलेल्या ठिकाणी उपस्थित नव्हती. प्रशिक्षणाचा असा सामुदायिक भंग खेदजनक असून ग्रामस्थांना पुन्हा प्रशिक्षण द्यावे, असे त्यात नमूद आहे. जीवितहानी शून्य झाल्याबद्दल कंपनीला सुरक्षेचे प्रशस्तिपत्र मिळाले. विनापरवाना भोंगा वाजवल्याबद्दल आल्हादला समज देण्यात आली; त्याने त्याच कागदाच्या पाठीवर राजीनामा लिहून दिला. विहिरीचा उल्लेख अहवालात नाही, कारण विहीर आता दिसत नाही.

खडकसांगवीचे तळे फुटल्यामुळे कंपनीला नव्या तळ्यासाठी जागा पाहावी लागली. यावेळी कुठल्याही गावाला त्रास नको म्हणून शहराच्या वरच्या अंगाची टेकडी निवडली आहे. जाहीर सूचना मागच्या महिन्यात सर्व वर्तमानपत्रांत होती. राशिभविष्याच्या अगदी शेजारी. भविष्य आपण वाचलेतच. हरकतींची मुदत काल संपली. आपली हरकत आलेली नाही. या सहकार्याबद्दल कंपनी आपली आभारी आहे.