अंबादेवीस अर्ज, नक्कल एकवीरेस

आमच्या गल्लीत भाकरसुद्धा अर्ज करून मागणारा एकच माणूस होता, नथ्थूजी अर्जनवीस. त्यांच्या नि आमच्या घरात एक कुडाची भिंत तेवढी होती, त्यामुळं त्यांचे सगळे अर्ज मला तोंडपाठ झाले होते.

"मेहेरबान सरूबाईसाहेब यांसी," असं ते अंगणातूनच सुरू करत. "अर्जदार सकाळपासून उपाशी आहे. सबब सदर अर्जदारास दोन भाकरी व लसणाची चटणी मंजूर व्हावी, हा अर्ज."

"नामंजूर!" त्यांची बायको आतून ओरडायची. "पयले दोन घागरी पानी आना. मंग पाहू."

जातीचे माळी. भावाची भातकुलीच्या रस्त्यावर फुलांची नि भाजीची बाग होती, पण नथ्थूजी शिकले आणि कचेरीपुढच्या लिंबाखाली चटई टाकून बसले. सरकारी परवाना होता. तो सदऱ्याच्या वरच्या खिशात असायचा आणि दर घटकेला ते त्यावर हात ठेवून बघायचे. कोणाचा बैल कोंडवाड्यात गेलेला, कोणाच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, शेजाऱ्यानं नांगरलेला, अशी सगळी माणसं त्यांच्याकडे यायची, कारण त्यांच्या अर्जानं साहेबाच्या डोळ्याला पाणी येतं अशी ख्याती होती.

देवीलाही लेखीच. दर मंगळवारी चतकोर कागदावर अर्ज लिहून, फुलांच्या पुडीत घालून अंबादेवीच्या पुजाऱ्याच्या हाती द्यायचे. खाली टीप असायची, 'नक्कल माहितीसाठी रवाना: श्री एकवीरादेवी, शेजारील देऊळ.' मी हसले की म्हणायचे, "हसू नोका, वैनी. एका हापिसात कागद दबला तं दुसऱ्यात निंघते."

गल्लीच्या तोंडाशी दात बसवणारा एक चिनी राहायचा. नाव ली. आम्ही लीभाऊ म्हणायचो. डोक्याला आपल्यासारखाच शेला बांधायचा, हिंदी-वऱ्हाडीची खिचडी बोलायचा. माझी दाढ त्यानंच उपटली. मी किंचाळले तर बिचारा माझ्याहून जास्त घाबरला आणि मलाच पाणी मागू लागला. नथ्थूजींची वरची-खालची कवळीही त्याच्याच हातची. अर्ज लिहायला बसले की नथ्थूजी ती काढून दौतीशेजारी ठेवत. "खोटं बोलाले दात लागतेत, लिवाले नाई लागत," म्हणायचे, आणि बोळक्या तोंडानं खो खो हसायचे.

या कवळीच्या बदल्यात त्यांनी लीभाऊला एक अर्ज लिहून दिला होता. दुकानाला पाटी लावायची परवानगी हवी होती. तेव्हा बाजारात जपानी मालाची चलती होती. रेशीम जपानी, बाहुल्या जपानी. नथ्थूजींनी ठोकून दिलं, 'सदर इसम जपान देशीचा असून दंतविद्येत निष्णात आहे.'

ली म्हणाला, "मी तं चीनचा."

"अरे बापा, चीन काय न् जपान काय! साहेबाले कुठं पाहाले जाचं हाय? खरं कसं असते, बिनमिठाचं वरन. कचेरीत कोनी खात नाई."

ली हसला आणि सही करून मोकळा झाला. चार दिवसांत पाटी मंजूर. त्या अर्जावरून नथ्थूजींनी महिनाभर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग जपान लढाईत उतरला. रंगून पडलं. रॉकेल मिळेना, साखर मिळेना, आणि ज्याला त्याला कोणावर तरी राग काढायचा होता. गोरा साहेब हाती लागत नव्हता. लीभाऊ लागला.

दात बघायचा तो टीचभर आरसा असतो ना, त्यानं हा विमानांना खुणा करतो, असं नळावर बायका बोलू लागल्या. आमच्या गल्लीवरून तोवर घारीशिवाय काही उडालं नव्हतं, तरी लोकांनी मानलं. आधी पाटीवर शेण आलं, मग दगड आले. आणि मी काय केलं? माझ्या लेकीला त्या बाजूनं जाऊ देईना. एकदा त्यानं विचारलं, "वैनी, दाढ दुखते का आता?" मी पदर तोंडावर ओढून पुढं गेले. लाज वाटते सांगायला, पण झालं ते झालं.

एका सकाळी फौजदार दोन शिपाई घेऊन आला. ली सांगत होता, "मी चीनचा. चीन तं सरकारच्या बाजूनं लढून राहिला, साहेब."

फौजदारानं खिशातून कागद काढला. "मंग हे कोनाची सही हाय? जपान देशीचा इसम. तूच लिवून देल्लं ना?"

लीभाऊनं कागदाकडे पाहिलं आणि मग गर्दीत नथ्थूजींना शोधलं. ते माझ्या शेजारीच उभे होते. हात खिशातल्या परवान्यावर. खोटा मजकूर लिहिल्याचं कबूल केलं तर परवाना जातो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ते बोलले नाहीत. गल्लीतलं दुसरं कोणीही बोललं नाही. लीभाऊला अकोल्याला नेलं. जाता जाता तो सरूबाईला सांगून गेला, "नथ्थूजीची खालची कवळी ढिली झाली. मी येईपर्यंत गरम पान्यात टाकू नोका."

तीन दिवस भिंतीपलीकडून एकही अर्ज ऐकू आला नाही. सरूबाईच म्हणत होती, "भाकर मंजूर हाय, खा ना जी." ते खात नव्हते.

चौथ्या दिवशी कागद घेऊन बाहेर पडले. त्यावर लिहिलं होतं, 'ली हा चिनी आहे. जपानी हा मजकूर मी माझ्या मनाने, खोटा घातला. दोष माझा, त्याचा नाही.' लीला ओळखणाऱ्या दोन शेजाऱ्यांची साक्ष हवी होती. नथ्थूजी प्रत्येक दाराशी गेले. कोणाला कचेरीत नोकरी, कोणाचा लेक पोलिसात, कोणाला एकदम वाचताच येईना. शेवटी आमच्या दारी आले. आमचे हे सरकारी शाळेत मास्तर. ते आतूनच "नाही" म्हणाले. मी चौथीपर्यंत शिकलेली, सही मला येत होती. नथ्थूजींनी टाक माझ्यापुढं धरला.

मी म्हटलं, "यांना विचारून सांगते."

आताच तर यांनी आतून नाही म्हटलं होतं, ते आम्ही दोघांनीही ऐकलं होतं. नथ्थूजी "बरं" म्हणाले आणि गेले.

अर्ज साक्षीविना गेला. सरकारनं त्यातला निम्मा भाग खरा धरला, नथ्थूजी खोटारडे आहेत एवढाच. परवाना रद्द झाला. ली सुटला नाही, अकोल्याहून पुढं कुठल्याशा छावणीत गेला.

नथ्थूजी देवळाबाहेर भावाच्या बागेतल्या फुलांची टोपली घेऊन बसू लागले. लीच्या सुटकेसाठी दर महिन्याला सरकारकडे एक अर्ज मात्र जायचाच. खालची कवळी आणखी ढिली झाली, बोलताना शीळ वाजायची. लोक हसायचे. मी म्हटलं, "दुसऱ्या दातवाल्याला दाखवा ना."

"कावून? ज्याचं काम त्याच्याच हातानं. येईन तो."

लढाई चालूच होती, तेव्हा एका दुपारी पाकीट आलं. पहिल्यांदाच उत्तर आलेलं. सरूबाईनं आनंदानं मला हाक मारली. नथ्थूजींनी पाकीट फोडलं आणि कागद माझ्या हाती दिला. मीच वाचलं, 'सदर जपानी इसम छावणीत तापाने मयत. अर्ज निकाली.'

नथ्थूजींनी कागदावर बोट ठेवलं. मग विचारलं, "कोन्ता इसम म्हनते?"

"जपानी," मी म्हटलं.

"मेला तं मेला, पन माह्या खोट्यातच मेला, वैनी." आणि तो म्हातारा लेकरासारखा रडला. मीही रडले. माझं रडणं कोणाच्या काही कामाचं नव्हतं.

मी म्हटलं, "कागद आणा, नथ्थूजी. मी सही करते."

"आता कोनाले देता? तिकडं तं निकाली निंघालं."

"देवीला द्या."

त्यांनी फुलांच्या पुडीचा कागद गुडघ्यावर सारखा केला. सवयीप्रमाणे कवळी काढून दौतीशेजारी ठेवली आणि लिहिलं. 'श्री अंबादेवी यांसी. ली नावाचा इसम चिनी होता. जपानी हा मजकूर अर्जदाराचा, खोटा. सबब तो तिकडे आल्यास त्यास त्याच्या माणसांत बसवावे. नक्कल रवाना: श्री एकवीरादेवी.' खाली मी माझी सही केली. दारात आमचे हे उभे होते. त्यांनी पाहिलं आणि आत गेले.

"साक्षीदार एकच झाला," मी म्हटलं.

नथ्थूजींनी दौतीशेजारच्या कवळीकडे पाहिलं, पुन्हा टाक उचलला आणि खाली एक ओळ जोडली. 'सोबत पुरावा: इसमाच्या हातची कवळी, एक जोड.' मग कागद आणि कवळी झेंडूच्या पुडीत घालून दोऱ्यानं बांधली. उष्टी कवळी देवळात चालली होती. सोवळ्याचं मी काही बोलले नाही. पुजाऱ्यानं नेहमीसारखी पुडी घेतली.

त्यानंतर मरेपर्यंत नथ्थूजींनी भाकर दुधात कुस्करूनच खाल्ली. त्यासाठी अर्ज कधी केला नाही. सरूबाई वाढेल तेवढी खायचे आणि उठायचे.