झाकली मूठ

खिडकीचं हँडल तुटून हातात आलं, तेव्हा वक्ते सरांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत बायको भांडी लावत होती. सरांनी हँडल पाठीमागे लपवलं आणि उगाचच खाकरले.

दुहेरी काचेच्या खिडक्या हा सरांचा हट्ट होता. समोर बसचा डेपो, त्यामुळे घरात वाचत बसलं तर आपलं वाक्य आपल्यालाच ऐकू येत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. बायकोला स्वयंपाकघराचा ओटा नवा हवा होता. ओटा राहिला आणि खिडक्या आल्या. तेव्हापासून घरी कुणीही आलं, की सर खिडकी लावून दाखवत. "दोन काचा, मधे नुसती हवा. आता इथे कुणाचा खून झाला तरी बाहेर कळायचं नाही." पाहुणे मग दाराजवळच्या खुर्चीत बसत. अशा या खिडकीचं हँडल कुलूप न काढता जोर लावल्यामुळे तुटलं, हे ओटा न मिळालेल्या बाईला सांगायची सरांची छाती झाली नाही. त्यांनी पडदा ओढला आणि हँडल शब्दकोशामागे दडवलं.

सर शाळेत भाषा शिकवत. 'वक्ते' हे नाव स्टाफरूमने ठेवलेलं, कारण सत्कार असो, निरोप असो की पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन, बोलायला उभे तेच. आणि आता मोठ्या बाई, म्हणजे त्यांच्या मुख्याध्यापिका, निवृत्त होत होत्या. निरोपाचं भाषण अर्थातच सरांकडे आलं. अडचण एवढीच, की बाई त्याच इमारतीत सरांच्या बरोब्बर डोक्यावरच्या घरात राहत, एकट्या. घरी तालीम करायची तर खिडकी घट्ट लागायलाच हवी होती.

म्हणून सर हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"दुहेरी काचेच्या खिडकीसाठी मूठ हवी आहे." भाषेचा माणूस, दुकानातसुद्धा हँडल म्हणायला तयार नाही.

"कशाची मूठ?"

"खिडकीची हो. फिरवली की खिडकी लागते ती."

"हँडल म्हणा की. डावं देऊ का उजवं?"

"मी उजव्या हातानंच उघडतो."

"तुमचा हात नाही विचारला. खिडकी कुठल्या अंगाला उघडते?"

सरांनी हवेत एक खिडकी उघडून पाहिली. मग पाठमोरे होऊन पुन्हा उघडून पाहिली. मागच्या गिऱ्हाइकाला कोपर लागलं. "डावं," ते म्हणाले.

"आणि दांडी किती?"

"कसली दांडी?"

"हँडलच्या मागे चौकोनी दांडी असते, ती आत कुलपात जाते. कुणाची लांब, कुणाची आखूड. जुनं आणलंय?"

जुनं शब्दकोशामागे होतं, आणि ते आणायला घरी जायचं म्हणजे बायकोसमोरून जायचं. "बेताची द्या," सर म्हणाले.

"बेताची म्हणजे?"

"फार लांब नको, फार आखूड नको." परीक्षेत कुणी असं उत्तर लिहिलं असतं, तर सरांनी त्याला शून्य दिलं असतं.

दुकानदाराने तीन हँडलं पुढ्यात टाकली आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. सरांनी सगळ्यात चकचकीत होतं ते उचललं.

बायको बाजारात गेल्याचं पाहून त्यांनी ते बसवलं. दोन स्क्रू, आणि दोन्ही पहिल्या झटक्यात बसले. हँडल इतकं हलकं फिरलं, की सर स्वतःवरच खूश झाले. खरं म्हणजे तिथेच त्यांना शंका यायला हवी होती. फिरत होतं ते नुसतं हँडल. दांडी पेरभर आखूड होती, ती आतल्या कुलपापर्यंत पोचतच नव्हती. खिडकी ओढली की लागल्यासारखी दिसायची आणि हात काढला की चौकटीची रबरी पट्टी तिला हळूच बाहेर ढकलायची. बोटभर फट राहायची. ती फट सरांना दिसली नाही, कारण नवं हँडल बाकीच्या हँडलांशी जुळत नाही हे बायकोला कळू नये म्हणून त्यांनी पडदा आता कायमचाच ओढून ठेवला होता. डेपोचा आवाज जरा वाढल्यासारखा वाटला खरा. "नव्या गाड्या आलेल्या दिसतायत," ते बायकोला म्हणाले.

त्या संध्याकाळी तालीम सुरू झाली. बायको इस्त्री करत होती.

"सन्माननीय मोठ्या बाई वरून नारळासारख्या कठीण, पण आतून..."

"हे तुम्ही मागच्या तिघांच्या निरोपालाही म्हणालात."

"मग काय म्हणू? वरून नारळ, आणि फोडला तर आत दुसरा नारळ?"

बायको एवढी हसली, की तिला इस्त्री बाजूला ठेवावी लागली. ओट्याचा विषय झाल्यापासून ती घरात अशी हसली नव्हती. सरांना ते फार गोड लागलं. दुसऱ्या दिवसापासून खरं भाषण कोपऱ्यात पडलं आणि हे दुसरंच रोज वाढत गेलं. बाई खडूचे तुकडे डब्यात जमवतात आणि धरताना बोटांना चिमटा बसेल इतके झिजेपर्यंत टाकू देत नाहीत. बाईंनी आयुष्यात कुणाला 'छान' म्हटलं नाही, एकदा म्हणणार होत्या, पण शिंक आली. बाई धावणाऱ्या पोरांना 'जरा सावकाश' म्हणतात ते ठीक, पण बायको बाळंत होणार म्हणून धावत निघालेल्या गणिताच्या सरांनाही तेच म्हणाल्या. सर त्यांचा आवाजही हुबेहूब काढत.

एकदा मात्र ते म्हणाले, "आता घरी बसून बाई शिस्त कुणाला लावणार? भिंतींना." तेव्हा बायको हसली नाही. तिने सदऱ्याची कॉलर उलटी केली आणि ती इस्त्री करत राहिली. सर घाईघाईने पुन्हा नारळाकडे वळले.

शाळेत इकडे चमत्कार घडत होते. शिपाई सरांच्या वर्गात खडूंचा अख्खा नवा खोका ठेवून गेला, "मोठ्या बाईंनी दिलाय" म्हणाला. मग जिन्यात बाई समोरून आल्या, सरांच्या हातातल्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहून म्हणाल्या, "छान," आणि निघून गेल्या. सरांचा पाय पायरीवरून सटकता सटकता राहिला.

"जाता जाता बाईंना पाझर फुटलाय," त्यांनी घरी सांगितलं. "माणूस शेवटी बदलतो गं." आणि त्या पाझरावरही त्यांनी दोन वाक्यं रचली.

निरोपाच्या आदल्या संध्याकाळी बायको खाली अंगणात वाळलेले कपडे काढायला गेली होती. सर घरात एकटेच शेवटची उजळणी करत होते. बायको परत आली ती कपड्यांची टोपली छातीशी धरूनच.

"अहो, आत्ता तुम्ही शिंकेचं म्हणालात ना? आणि मग स्वतःच हसलात?"

"तुला कसं कळलं?"

"अंगणात ऐकू आलं. शब्द न् शब्द. शेजारीण मला विचारत होती, बाई खरंच खडू जमवतात का म्हणून."

सरांनी पडदा सारला. एका बोटाने ढकलली तर खिडकी उघडली. वरच्या घरात कुणीतरी कपात चमचा फिरवत होतं, तेही स्वच्छ ऐकू आलं.

बायको पुढे झाली. तिने चकचकीत हँडल डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. आतल्या कुलपात काहीच हललं नाही. "हे कधी बसवलंत?"

सरांनी शब्दकोशामागून जुनं काढून तिच्या हातात दिलं. नव्याचे स्क्रू काढून तिने दोन्ही दांड्या शेजारी शेजारी धरल्या, तर नवी पेरभर आखूड निघाली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात," बायको म्हणाली. "तुमची नवी कोरी मूठ, पण झाकली गेली कुठे?" मग तिचाच चेहरा उतरला. "अगंबाई, म्हणजे माझं हसणंही गेलं की वर."

सर खुर्चीत बसले. खडूंचा खोका का आला ते आता कळलं. 'छान' का आलं तेही कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी स्नेहसंमेलनात ते बोलायला उभे राहिले आणि सगळं विसरले होते. सभागृह हसायला लागलं होतं. तेव्हा ते भाषण आधी तपासून दिलेल्या बाईंनी पहिल्या रांगेतून हलक्या आवाजात पुढचं वाक्य दिलं, मग त्यापुढचं, असं करत भाषण पार नेलं आणि पुन्हा कधी कुणाजवळ त्याचा उल्लेख केला नाही. सरांमधला वक्ता त्या दिवशी मेला नाही, तो बाईंमुळे. आणि त्याच बाईंची त्यांनी रोज संध्याकाळी टिंगल केली होती, एकदा तर त्यांना भिंतींना शिस्त लावायला बसवलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की बायकोकडेही पाहवेना.

"वर जा आणि माफी मागून या," बायको म्हणाली.

सर गेले. घंटी वाजवली. बाईंनी दार उघडलं. चष्मा कपाळावर, हातात वर्तमानपत्र, मागे खोली अगदी शांत.

"काय हो सर?"

सरांनी तोंड उघडलं. "थोडी साखर मिळेल का?"

बाईंनी त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आत गेल्या आणि स्वतःच्याच वाटीत साखर घालून घेऊन आल्या. "जरा सावकाश," त्या म्हणाल्या. "सांडेल."

खाली बायको दारातच उभी होती. "मागितलीत?"

"मागितली," सर म्हणाले आणि वाटी तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाता जाता त्यांनी हार्डवेअरच्या दुकानात जुनं हँडल दाखवून बरोबर दांडीचं नवं घेतलं. ते पिशवीत घेऊनच ते सभागृहात शिरले. निदान यापुढे तरी काही बाहेर जाणार नव्हतं. त्या विचाराने धीर येईल असं वाटलं होतं, तो आला नाही.

सभागृह भरलेलं होतं. बाई मंचावर मधल्या खुर्चीत, ताठ. सरांचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या, कारण वक्ते बोलणार म्हणजे जेवायला उशीर झाला तरी चालेल, असं सगळ्यांचं मत होतं.

"सन्माननीय मोठ्या बाई," सर म्हणाले, "वरून..."

आणि थांबले. खरं भाषण त्यांनी गेले कित्येक दिवस म्हटलंच नव्हतं. डोक्यात होतं ते सगळं दुसरं. एकेक वाक्य धरून पाहावं, तर प्रत्येकाला खालून इस्त्रीचा वास येत होता. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. सरांना वाटलं, सगळ्या नोकरीचा हिशेब आज इथे, या एका 'वरून' शब्दावर बंद होणार.

मधल्या खुर्चीतून हलका आवाज आला. "नारळासारख्या."

सरांनी मान वळवली. बाई समोर पाहत होत्या.

"नारळासारख्या," सर म्हणाले.

"आणि फोडला तर?"

"बाई, नको."

"सगळे थांबलेत, सर. फोडला तर?"

"आत..." सरांचा आवाज चिरकला. "आत दुसरा नारळ."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. मग बाईच हसल्या, आणि सभागृहात हशा फुटला. गणिताचे सर तर खुर्चीवरून वाकले. बाईंनी हसणं ओसरू दिलं आणि पुढचं वाक्य दिलं, "आता खडू." मग शिंक. मग 'जरा सावकाश'. क्रम एकदाही चुकला नाही. लोक डोळे पुसत होते, आणि सर, ज्यांना आयुष्यात एवढा हशा कधी मिळाला नव्हता, ते जमीन दुभंगण्याची वाट पाहत एकेक वाक्य म्हणत होते. प्रेक्षकांत बसलेल्या बायकोने पदर तोंडावर धरला होता, पण ती हसत नव्हती.

भाषण संपलं. टाळ्या थांबेनात. सर खाली बसताना बाई त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या, "छान. पण एक वाक्य राहिलं. भिंतींचं."

"ते मी गाळलं, बाई."

"का? बाकी सगळी गंमत होती. खरं तेवढं एकच होतं."

सरांना माफी मागायची होती. तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष हार घेऊन मधे आले आणि ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. संध्याकाळी सरांनी बायकोसमोरच, पडदा काढून, नवं हँडल बसवलं. हे फिरवायला जोर लागत होता. आत काहीतरी खटकन पकडलं गेलं आणि डेपो एकदम गप्प झाला. खोलीत कसलाही आवाज राहिला नाही. सर बराच वेळ त्या हँडलवर हात ठेवून उभे होते. वरच्या घरात आत्ता असंच असेल, असं त्यांच्या मनात आलं.

"लागली एकदाची," बायको म्हणाली. "आता काय झालं?"

सरांनी हँडल उलटं फिरवलं आणि खिडकी सताड उघडली. खुर्ची ओढून खिडकीपाशी आणली, वर्तमानपत्र घेतलं आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. डेपोतून गाड्या निघत होत्या, म्हणून त्यांना आवाज चढवावा लागला, आणि थांबलो तर पुढचं जमणार नाही असं वाटून ते भराभर वाचत होते.

बायकोने बाईंची वाटी धुऊन पुसून ठेवली होती, ती उचलली आणि रिकामी कशी द्यायची म्हणून डब्यात काही आहे का ते पाहायला लागली.

वर खुर्ची सरकली. मग खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"सर," वरून बाई म्हणाल्या, "जरा सावकाश."