नानांच्या ढिगावर पाय नको

आमच्या जळगावच्या कॉलनीत घंटागाडी यायच्या आधीच कचरा लुटला जातो. लुटणारे म्हणजे शेजारचे नाना. माझ्या हातात सुकी पानं दिसली रे दिसली, की कुंपणापलीकडून हात येतो. "ताई, फेकू नका! बठ्ठं कामनं शे!" सगळंच कामाचं, असं त्यांचं म्हणणं.

नाना निवृत्त कंडक्टर, एकटेच राहतात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या अंगणातला निंब पडला. लाकूडवाला आला, त्याला हाकलून दिलं. ओंडके अंगणातच रचले, त्यावर फांद्या, केळीचे खांब, पाचोळा, शेण आणि शेवटी माती. कमरेएवढा लांबट ढीग झाला. आतलं लाकूड कुजेल, पाणी धरून ठेवेल, वर वेल वाढेल, हे त्यांचं शास्त्र. पण ढीग भरला म्हणायची सोय नाही. जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस तो! "मांगे सरका, जागा शे," असं पाचोळ्यालाच सांगून आणखी एक पाटी कोंबायचे.

लांबून ढीग थेट समाधीसारखा दिसायचा. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंनी तर कुंपणाशी नारळ फोडून नमस्कार केला. नानांनी खोबरं मला दिलं, शेंडी ढिगात घातली. वर ताकीद अशी, की ढिगावर पाय नको, माती दबते. मांजर चढली तरी बोंब मारायचे.

एकदा मी वैतागून म्हटलं, "नाना, एकट्या जिवाला अशी किती भाजी लागते हो?"

"आखाजीला सुनंदा येईल ना."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींनी माहेरी यायचा सण. सुनंदा नानांची एकुलती लेक, सुरतला दिलेली. नाना हळूच म्हणाले, "दरसाल त्या निंबाला तिचा झोका बांधायचो. आता झोका नाही. पोर कशाला येईल? म्हणून ढिगावर गिलक्याचे वेल लावले. तिला भजी आवडतात."

त्या दिवसापासून पाचोळा मी स्वतः नेऊन द्यायला लागले.

आखाजीला सकाळीच रिक्षा थांबली. सुनंदा उतरली आणि निंबाची मोकळी जागा बघून थबकली. "नाना, मना झोका कोठे शे?"

नानांनी ढिगाकडे बोट दाखवलं. "मातीमा."

सुनंदाने चपला काढल्या, सरळ ढिगावर जाऊन बसली आणि झोक्यावर हलवावेत तसे पाय हलवायला लागली. झालं! आता बोंब होणार, म्हणून मी कुंपणाशी धावले.

नाना तिच्याजवळ गेले. "जराशी सरक," म्हणाले, "जागा शे." आणि तिच्या शेजारी ढिगावर बसले.