आबांच्या मुंग्या

भानुदास आबा कुणाच्या घरी गेले की माणसांआधी मुंग्यांची चौकशी करतात. "मुंग्या कुठं लागत्यात?" हा त्यांचा नमस्कार. चहा नको, पाणी नको. सरळ मागच्या दारी मोरीपाशी जाऊन उकिडवे बसतात आणि जमीन न्याहाळतात.

आबा नेकनूरकडच्या एका आरोग्य केंद्रात आरोग्यसेवक आहेत आणि मी तिथला डेटा ऑपरेटर. लघवीत साखर उतरली की मोरीत मुंग्या येतात, हे आबांचं शास्त्र. आधी मुंगी, मग मशीन. "मुंगी खोटं बोलत न्हाई बे, तिला टार्गेट नसतंय," असं ते मला टार्गेटच्या दिवशी मुद्दाम ऐकवतात.

एकदा लग्नघरी मुंग्यांची रांग दिसली म्हणून आबांनी अख्ख्या वऱ्हाडाच्या बोटांना सुया टोचल्या. शेवटी कुणीतरी तिथं बुंदीचं पातेलं धुतल्याचं निघालं. तो नवरदेव अजून आबा दिसले की हात खिशात घालतो. मीही त्यांना चक्रमच समजायचो.

मग पूजा सापडली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, अकरा वर्षांची. तिची आई म्हणाली, "पोरगी नुसती पाणी पिती आन् वाळत चालली. कुणाची तरी नजर लागली." आबांनी मोरीत पाहिलं, पोरीचं बोट टोचलं आणि मशीनकडे बघून त्यांचा चेहराच उतरला. तिला गाडीवर बसवून त्यांनी तडक बीड गाठलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पोरगी हाती लागली नसती. तेव्हापासून तिला रोज इन्सुलिन लागतं.

पुढची अडचण माझ्या टेबलावर आली. रुग्णांची नोंद करायचं आमचं सरकारी ॲप तिशीच्या आतला मधुमेही घेतच नाही.

"वय घेत नाही, आबा."

"कावून घेत न्हाई? मग रोगाला सांग, पोरीला तीस लागंस्तोर थांब म्हणावं. लिही एकेचाळीस."

मी लिहिलं. ॲप खूश झालं. पूजाच्या बापाच्या मोबाइलवर तिच्या नावानं मेसेज येऊ लागले: तंबाखू सोडा, ताणतणाव टाळा, रोज फिरायला जा. पुढं एकेचाळीस वर्षांच्या रुग्णाची तपासणी करायला एक अधिकारी आले, तर रुग्ण अंगणात लंगडी घालत होता. खोटी माहिती भरायला लावल्याबद्दल आबांना नोटीस मिळाली.

त्याच महिन्याच्या मीटिंगमध्ये तालुक्याच्या साहेबांनी जाहीर केलं, "आपल्या भागात लहान मुलांना मधुमेह नाही. ॲपवर एकही नोंद नाही." टाळ्या पडल्या. आबा उठले. "साहेब, ॲपाला पोरांसाठी दारच न्हाई केलं, आन् तुमी म्हणता पोरं आलीच न्हाईत." साहेबांनी चहा मागवला.

दिवाळीनंतर पूजाच्या आईबापांनी ऊसतोडीला जायची तयारी केली. पोरीला ठेवायचं कुणाकडे? तीही निघाली. उसाच्या फडातल्या पाचटाच्या कोपीत वीज नाही, आणि इन्सुलिन तापलं की वाया जातं. आबांनी मोठ्या माठात लहान माठ बसवला, मधल्या जागेत ओली वाळू भरली, आत गारव्याला इन्सुलिन ठेवलं आणि ट्रक सुटायच्या आधी तो पूजाच्या पुढ्यात ठेवला. "वाळू सुकू द्यायची न्हाई. रोज सकाळी सुई टोचली की फोन करायचा. माठ फुटला तर लई शिव्या खाशील."

त्या दिवसापासून आबा सकाळी केंद्राच्या पायरीवर मोबाइल हातात घेऊन बसतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात. त्यांना फोन करणारं दुसरं कुणी नाही.

परवा फोन आला नाही. दुपारी आबांनी पिशवी उचलली आणि "त्या कारखान्याकडं बस कुठनं मिळंल बे?" असं मला विचारलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर असतो; सगळं मलाही ऐकू आलं.

"आबा, रेंज नव्हती. साखर बरी हाय. वाळू ओली हाय. मुंग्या न्हाईत."

"नीट बघितलंस का?"

"बघितलं. आबा, तुमच्याकडं लागत्यात का मुंग्या?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आबांना कुणी विचारला नव्हता. पिशवी खाली ठेवून ते पायरीवर बसले.

"माझ्याकडं कोण येतंय पोरी? मुंगीसुदिक येत न्हाई."

"मग आमी गावाकडं आलो की मी येते. तुमची मोरी बघाया."