ताम्हणातला नाग

त्या जानेवारीत निफाडचा पारा चारावर उतरला आणि नेमक्या त्याच सकाळी सोमनाथ सरांच्या घराचं भूमिपूजन निघालं. जागा सासूबाईंची. मालनबाई दोन गुंठे लेकीच्या, हर्षालीच्या, नावावर करायला तयार होत्या, पण एका अटीवर. "पूजेत काय इघ्न आलं, तर जागा मिळनार नाय." विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी ही अट मुकाट्यानं मान्य केली होती. भाड्याच्या दोन खोल्यांना ते इतके विटले होते.

पायाचा खड्डा खणताना मजुराला तळाशी वीतभर साप सापडला. वेटोळं घातलेला, ताठ, थंडगार.

"मेलाय, सर."

"मेला नाही, ही शीतनिद्रा!" सरांच्या अंगात वर्ग संचारला. फावड्यानं साप उचलून त्यांनी तो सगळ्यांना दिसावा म्हणून समोरच्या ताम्हणात ठेवला. "शीत म्हणजे थंडी, निद्रा म्हणजे झोप. शब्द संस्कृत. इंग्रजीत हायबरनेशन, त्याचं मूळ लॅटिन. अर्थ, हिवाळ्याचा मुक्काम. ऊब मिळाली की हा उठेल."

तेवढ्यात हेडमास्तर स्कूटरवरून आले आणि सर ताम्हण तिथंच टाकून त्यांच्याकडे धावले.

पायात पुरायचा चांदीचा नाग सर घरीच विसरले होते आणि ते सांगायची त्यांची हिंमत नव्हती. गायधनी भटजींचा चष्मा धुक्यानं पांढरा झालेला. ताम्हणात वेटोळं दिसलं, तोच चांदीचा नाग समजून त्यांनी पूजा सुरू केली.

"हर्षालीताई, पाणी कोमट आणा हो. बोटं गेली माझी!"

नैवेद्याची परात घेऊन मालनबाई आल्या, तेव्हा कोमट पाण्याचा अभिषेक रंगात आला होता. पाचव्या पळीला सापानं मान वर केली.

भटजी मंत्र अर्धा टाकून विटांच्या ढिगावर चढले. हेडमास्तरांनी स्कूटरला किक मारली. साप निवांत सरपटत खड्ड्यात उतरला आणि बिळात शिरला. सर मनात म्हणाले, गेले दोन गुंठे!

मालनबाई परात खाली ठेवून पुढे झाल्या आणि त्यांनी भटजींपुढे सपशेल लोटांगण घातलं.

"महाराज! इतक्या पूजा पाहिल्या, पन चांदीच्या नागात जीव आलेला आजच पाहिला!"

भटजी विटांवरून उतरले ते सिद्धपुरुषाच्या चालीनं. "उपासना आहे आमची," ते हळूच म्हणाले.

"आता हितं घर नाय. हितं देऊळ!"

सर उडालेच. "अहो आई, तो खरा साप होता! थंडीनं झोपला होता, इतकंच!"

मालनबाईंनी जावयाकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"एवढं शिकलात जावईबापू, आन् येवढं कळंना? चांदीला कधी झोप लागती का?"