मेहेर मॅडमच्या चिखलाच्या बरण्या

आमच्या पालघरच्या कॉलेजात मेहेर मॅडमना भेटायला गेलेला माणूस हात धुतल्याशिवाय परत येत नाही. त्या शिकवतात मानसशास्त्र, पण त्यांच्या कपाटात पुस्तकांपुढे बरण्या आणि बरण्यांत समुद्राच्या तळाचा चिखल. कुणीही आलं की डोळे मिटायला लावणार, बोटांवर चिखल ठेवणार आणि विचारणार, "कुठला, सांगा." तपासणीला आलेल्या एका साहेबांनी बराच वेळ चोळून "ओला आहे" एवढंच सांगितलं. मॅडमनी तेही वहीत लिहून घेतलं.

मी ऑफिसातला कारकून, मूळचा साताऱ्याचा. मॅडमचे संशोधन अनुदानाचे अर्ज मीच टाइप करतो. विषय एकच. दांडी गावचे जुने तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे म्होरके, दोरीला शिसं बांधून तळाला सोडतात आणि त्याला चिकटून आलेला चिखल चोळून आपण कुठे आहोत ते ओळखतात. एवढा समुद्र माणसाच्या डोक्यात राहतो कसा, हे मॅडमना शोधायचं होतं. पण सरकारचं प्राधान्य दरवर्षी बदलतं. त्यामुळे एका वर्षी आमचा चिखल डिजिटल झाला, पुढच्या वर्षी सागरी सुरक्षेत भरती झाला, त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेत शिरला. "कदमभाऊ, टोपी बदला, डोकं तेच राहू द्या," असं म्हणून त्या नवं शीर्षक सांगायच्या. अर्ज नेमाने परत यायचा.

एकदा त्यांनी मला दांडीच्या किनाऱ्यावर नेलं. तिथे ऐंशी ओलांडलेले एक तांडेल बसले होते. समोर पाच बरण्या, एकीवरही चिठ्ठी नाही. म्हाताऱ्यांनी डोळे मिटून बोटं चोळली.

"ह्यो नवापूरच्या समोरचा. घोळ मासा गावतो हितं."

पाचही बरोबर. बोईसर स्टेशनबाहेर लावलेली स्वतःची स्कूटर मला रोज शोधावी लागते, आणि या माणसाच्या बोटांना कधी न दिसलेला समुद्राचा तळ पाठ. माझे हात आपोआप जोडले गेले. तेव्हापासून मी मॅडमची थट्टा कमी केली. बंद नाही केली.

पुढे हे तांडेल विसरायला लागले. उरलंय तेवढं नोंदवून ठेवायला हवं म्हणून मॅडमचा जीव खाली-वर व्हायचा. नेमकं यंदा सरकारचं प्राधान्य निघालं वृद्धांची स्मृती. अर्ज मंजूर झाला. पेढे मीच वाटले.

सहभागी व्यक्तीचा फॉर्म भरायला रविवारी आम्ही तांडेलांच्या घरी गेलो. मॅडम ओट्यावर त्यांच्याशेजारी टेकल्या. त्यांनी मॅडमकडे निरखून पाहिलं.

"बाय, तू कोनाची?"

"हितलीच," मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावलं.

फॉर्मात एक रकाना होता, संशोधकाशी नातं. खाली नियम छापलेला, जवळचा नातेवाईक असल्यास मंजुरी रद्द. मी 'नाही' लिहायला पेन टेकवलं.

"कदमभाऊ, वडील लिहा."

मी पेन उचललं. मेहेर हे मॅडमचं सासरचं आडनाव. अर्जांत मी वर्षानुवर्षं नुसतं 'सहभागी क्रमांक एक' टाइप करत आलो होतो. तरी कारकुनाचा धर्म सुटेना. मंजुरी जाईल, पुन्हा विचार करा, असं मी म्हटलं.

"त्यांच्या डोक्यात मी आता नाय राहिले, भाऊ. कागदावर तरी राहू दे."

मी ठळक अक्षरात लिहिलं, वडील.