जानाबायचा रोजचा वाटा

जानाबायच्या डोक्यावर कौल पडलं तेव्हा तिनं आधी हात जोडले आणि मग डोकं चोळलं. मी ओसरीवर वह्या तपासत बसलो होतो, धावत गेलो. चांगलं टेंगूळ आलं होतं आणि ती हसत होती. म्हणाली, "बरा झाला. आजचा वाटा सकालीच मिलाला."

मला काही कळलं नाही. पुढे दोन वर्षं तिच्या घरात राहूनही फारसं कळलं असं नाही.

ही साठ सालाच्या आगेमागची गोष्ट. शेव्याच्या अलीकडे, मुंबईसमोरच्या खाडीकाठच्या एका गावात मी शाळामास्तर म्हणून आलो. मी वाईचा. मला ना मिठागर माहीत, ना भरती-ओहोटी. जानाबायनं घराची पुढची खोली मला दिली, दोन वेळचं जेवणही तीच घाली. वय पन्नाशीचं, घरात एकटी. सकाळी मिठागरावर कामाला जायची आणि दुपारी पोटऱ्यांपर्यंत पांढरी होऊन परत यायची.

तिचं म्हणणं असं, की रोज प्रत्येकाच्या वाट्याला थोडं वाईट येतंच. ते लहान असतानाच त्याला नमस्कार करून मोकळं व्हावं. मोठं व्हायला सवड देऊ नये. त्यामुळे ठेच लागली की ती दगडाला नमस्कार करी. मांजरानं तव्यावरचा बोंबील पळवला तर त्याच्यामागे न धावता त्याला सावकाश खायला सांगे. एकदा भरलं मडकं घेऊन ती अंगणात घसरली, तर त्या चिखलात बसूनच इतकी हसली की शेजारणी धावत आल्या आणि थोड्या वेळानं त्याही हसत बसल्या. आपण काळजी करावी की हसावं, हे मला त्या घरात कधी ठरवताच आलं नाही.

पण तिच्या शेळीनं माझा हजेरीपट खाल्ला तेव्हा माझा तोल गेला. दुसऱ्या दिवशी शाळा तपासायला साहेब येणार होते. उरलेला पुठ्ठा हातात धरून मी बसलो होतो आणि जानाबाय शेळीची पाठ थोपटत म्हणत होती, "बरा झाला. मानूस तं नाय खाल्ला." मी त्या दिवशी जेवलो नाही. साहेबांना खरं ते सांगितलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, त्या भरात मुलांचं गणित तपासायचं विसरले आणि नवा हजेरीपट लिहून काढा म्हणून निघून गेले. माझी मुलं गणितात किती कच्ची होती ते मलाच ठाऊक. शेळीचे आभार मानायला हवे होते की काय, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा आटोपून मी दुपारच्या लाँचनं मुंबईला मोठ्या बहिणीकडे जात असे. आणि नेमकं शनिवारीच काहीतरी घडे. कधी छत्रीत भाताचा कोंडा भरलेला, कधी पिशवीवर पाणी सांडलेलं. एकदा डावी चप्पलच नाहीशी झाली. ती कोंबडीच्या डालग्याखाली सापडली तोवर लाँच सुटून गेली होती. जानाबायनं हात जोडले. मी रविवारभर नशिबाला बोल लावत बसलो.

पुढच्या शनिवारी मी शाळेतून जरा लवकर आलो, तर जानाबाय माझी चप्पल घेऊन डालग्यापाशी वाकलेली. मी भलताच चिडलो. म्हातारीला माझी थट्टा करायची आहे की तिचं डोकं फिरलंय, मला समजेना. मी कारण विचारलं. ती चप्पल हातात घेऊन खालीच बसली.

तिचा नवरा मीठ वाहून नेणाऱ्या मचव्यावर, शिडाच्या होडीवर, कामाला होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तो मचवा परत आला नाही, एवढं गावात मी ऐकलं होतं. तिनं मला तो निघाला त्या दिवशीची सकाळ सांगितली.

"सगला येलेवर झाला, मास्तर. चूल लगेच पेटली. भाकरी टम्म फुगली. त्याचा पागोटा, त्याची काठी, सगला जागच्या जागी. त्याला आडवायला काय बी आला नाय. येक भाकरी करपली असती तं दुसरी होयपर्यंत थांबला असता."

मी चप्पल घेतली आणि पायात घालायची सोडून तशीच धरून उभा राहिलो. त्या शनिवारी मी गेलो नाही. का गेलो नाही, ते बहिणीला पत्रात नीट लिहिताही आलं नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी घरात काहीच बिघडलं नाही. माझं सामान दाराशी नीट मांडून ठेवलेलं होतं. जानाबाय चुलीपुढे पाठ करून बसली होती. मी सदऱ्याचं बटण ओढून तोडलं आणि तिच्यापुढे धरलं. तिनं बटणाकडे पाहिलं, तुटक्या दोऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. सुईदोरा घेऊन तिनं ते फार सावकाश लावलं. तिला कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

मग ती माझ्याबरोबर धक्क्यापर्यंत आली. तशी ती आजवर कधी आली नव्हती. मी लाँचमध्ये चढलो तेव्हा तिनं विचारलं, उद्या सांजच्याला काय रांधू? मी म्हटलं, काहीही चालेल.

"काय बी नको," ती म्हणाली. "नाव सांगा."

मी कोलंबीचं कालवण म्हटलं. तेवढं ऐकून ती वळली आणि उद्याची कोलंबी सांगून ठेवायला बाजाराच्या वाटेला लागली.